स्प्रिंग नसलेली नळी

मास्तरांनी मला चौदा महिने फसवलं. ज्या नळीतून ते मला श्वास ओढून दाखवायचे, तिच्यात स्प्रिंग नव्हती. माझ्या नळीत होती. मी त्यांच्यासमोर बसून कानशिलं तापेपर्यंत ओढायचो आणि हा सत्तरीचा माणूस आपल्याहून चार खाचा पुढं आहे म्हणून जळायचो. त्या जळण्यावर माझी कंबर सुधारली. त्याच चौदा महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत त्यांची छाती बंद पडत गेली आणि मला कळलं नाही.

मी म्हशींचा व्यापारी आहे. दातावरून वय, कासेवरून दूध आणि मालकाच्या गप्प बसण्यावरून त्याची गरज मला कळते. मुरगूडच्या बाजारात मला फसवून गेलेला माणूस दाखवा, असं मी पंचवीस वर्षं छाती ठोकून सांगत होतो. आता सांगत नाही. मास्तरांवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. पण त्यांना ज्यांनी फसवलं त्यांच्यावर जास्त आहे, आणि हे लिहायला बसलोय ते त्यांच्यासाठी.

मास्तर शाळेतले नव्हेत. ते एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला होते. ओतलेला भाग गार झाला की त्याला चिकटलेली वाळू ठोकून, खरवडून, ग्राइंडर लावून काढायची, याला फेटलिंग म्हणतात. तोंडाला टॉवेल बांधून त्यांनी तीस वर्षं ते केलं. काम सुटल्यावर लोकांना श्वास घ्यायला शिकवू लागले, म्हणून गल्लीनं नाव ठेवलं दममास्तर. पुढं नुसतं मास्तर राहिलं.

त्या वर्षी माझी कंबर तिसऱ्यांदा धरली होती. पहिल्यांदा टेम्पोचा फाळका उचलताना. दुसऱ्यांदा तर नुसतं शिंकताना. तिसऱ्यांदा चंदगडकडच्या एका गोठ्यात म्हशीची कास बघायला वाकलो आणि तसाच राहिलो. मालक आणि त्याच्या बायकोनं काखेत धरून मला बाहेर काढलं आणि पोत्यावर निजवलं. मग मालकानं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हशीचा आकडा वाढवला. आडव्या पडलेल्या माणसाला भाव करता येत नाही.

पट्टा झाला, गोळ्या झाल्या, चोळणं झालं. दोन महिने बरं वाटायचं, पुन्हा धरायची. डॉक्टर म्हणाले, वाकायचं बंद करा. म्हशीची कास उभ्यानं बघता येत नाही हे त्यांना कोण सांगणार. माझ्याकडं शेत नाही, बापानं ठेवलेलं काही नाही. जे आहे ते म्हशीखाली वाकून उभं केलंय. वाकणं बंद म्हणजे सगळंच बंद.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीबाहेर एक बाक होतं. मास्तर तिथं बसले होते. काळे, हाडकुळे, डोक्याला पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा आणि तोंडात बोटभर पितळी नळी. मला शिट्टी वाटली.

"वाजंना वाटतं," मी म्हटलं.

त्यांनी नळी काढून रुमालानं पुसली. जरा थांबून म्हणाले, "पावणं, कंबर?"

"कसं वळाकलासा?"

"बसलाय कसं बगा की."

मी एका अंगावर कलून बसलो होतो. विचारलं, "तुमची बी कंबरच काय?"

"हितं सगळी कंबरवालीच येत्यात."

हे उत्तर नव्हतं. म्हशीला काही खोड हाय काय म्हणून विचारलं आणि मालक म्हणाला की चांगल्या घरची म्हस हाय, तर खोड आहे असं समजायचं. बाजारात मी हे दर आठवड्याला पकडतो. त्या बाकावर मला सुचलं नाही. दुखत होतं.

आतल्या बाईंनी श्वासाचं काहीतरी समजावून कागद दिला. कंबर दुखतेय आणि ही पोरगी नाकातोंडाचं सांगतेय म्हणून मी वैतागून बाहेर आलो. मास्तरांनी कागद मागून घेतला, वाचला, परत दिला.

"बाई बरोबर सांगत्यात. तुमी करणार न्हाय."

"कशावरनं?"

"घडी घातलासा न्हवं. घरला या माझ्या."

उद्यमनगरच्या मागं दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मास्तरांची लाकडी खुर्ची, मागच्या खोलीत त्यांची मुलगी शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावायची. नवरा गेल्यावर ती बापाकडं राहायला आली होती. मी बसायच्या आधी विचारलं, कारण न ठरवता मी कुठं बसत नाही.

"किती घेणार?"

"तीस."

"महिन्याला?"

"रोज. सकाळी तीस. सांजंला तीस."

म्हातारा माजलाय असं वाटून मी उठायला लागलो. "रोजचं साठ कोण देतंय तुमाला?"

"देणार तुमी. घेणार बी तुमीच," मास्तर म्हणाले. "श्वास, पावणं."

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं आणि मुलगी हसली. मी तोंडावर पडलो होतो, पण हाताला खोड असते तशी जिभेलाही असते. "वीस करा," मी म्हटलं.

"तीस."

"पंचवीस. सकाळी पंचवीस, सांजचं नंतर बगू."

"तीस."

चौदा महिन्यांत तो आकडा एकानंही खाली आला नाही. असा माणूस मला बाजारात भेटला नाही.

नळी त्यांनी स्वतः केली होती. दवाखान्यातल्या बाईंकडं प्लास्टिकची होती, ती बघून ओळखीच्या लेथवर पितळेची कातून घेतली. आत कातड्याची चकती, चकतीमागं स्प्रिंग, शेवटी स्क्रू. स्क्रूवर सात खाचा. एकेक खाच आवळली की स्प्रिंग घट्ट होते आणि तेवढ्या जोरानं ओढल्याशिवाय आत वारा येत नाही. नाक चिमट्यानं बंद. पहिल्या दिवशी मी पहिल्या खाचेवर ओढलं आणि डोळ्यांपुढं काजवे आले. म्हशीला रेटून टेम्पोत चढवणारा माणूस मी.

"छातीखाली पडदा असतोय," मास्तर एकेक घास वाढल्यासारखं बोलायचे. "तो गडी हाय. मालक दोन. एक श्वास. एक कंबर." मग थांबायचे. "दम लागला की गडी श्वासाकडं पळतोय. कंबर बेवारशी. मग धरत्या." पुन्हा थांबायचे. "गड्याला ताकद द्या. दोनीकडं पुरंल."

हे थांबणं मला फार आवडायचं. मला वाटायचं, शब्द तोलून टाकणारा माणूस आहे. व्यापारात असता तर भारी पडला असता.

जुन्या सोफ्यातला स्पंज काढून ठेवला होता. त्यावर मला उभं करायचे. "डोळं मिटा." मी डोळे मिटले की दारू प्यायल्यासारखा झुलायचो. "सगळं घोट्यावर चाललंय तुमचं. कंबर झोपलीया." आणि मग समोरच्या खुर्चीत बसून स्वतःची नळी तोंडाला लावायचे. माझी नळी तिसऱ्या खाचेवर. त्यांची सातव्या. स्क्रू पार आवळलेला मला लांबून दिसायचा. ते ओढायचे, चकती फट करून उघडायची. कपाळावर घाम यायचा. घाम खरा होता.

"सत्तरीचा म्हातारा सातवर," ते म्हणायचे. "तुमी तीनवर. म्हशी कोण चढवतंय तुमच्या? बायको?"

त्यांची नळी मी कधी हातात घेतली नाही. दुसऱ्याची नळी तोंडाला लावायची नाही, हा त्यांचा नियम होता आणि मला तो स्वच्छतेचा वाटला. जी वस्तू विकणारा हातात घेऊ देत नाही तिच्यात काहीतरी असतं, हे मला कळायला पाहिजे होतं. पण ते मला काही विकत नव्हते. तिथं मी चुकलो.

मी मोजण्यात चोरी करायचो. एकवीसनंतर हळूच चोवीस म्हणायचो. मास्तर डोळे मिटून बसलेले असायचे, तरी म्हणायचे, "मधली दोन कुठं गेली?" कधी खांदे उचलून ओढलं की तो श्वास धरायचेच नाहीत. "खांद्यानं घेतला. फुकट. परत. खाली घ्या, पट्टा बांधतासा तितं." मी चिडायचो. एकदा नळी भिंतीवर फेकली. मुलीनं उचलून, धुऊन परत हातात दिली. "काका, आबांनी एकवीस सांगितलंय," ती म्हणाली. मास्तर भिंतीला पडलेला पोचा बघत बसले होते.

लहरी माणूस, असं मी घरी सांगायचो. त्यांच्या गल्लीपासून चहाच्या टपरीपर्यंत शंभर पावलंही नसतील, पण मास्तर चार ठिकाणी उभे राहायचे. कुणाचातरी वाढदिवसाचा फलक असला तर वरच्या साहेबापासून खालच्या ओळीतल्या शेवटच्या पोरापर्यंत सगळे चेहरे बघायचे, नावं वाचायचे. "ह्यो कोण नवीन?" म्हणून मला विचारायचे. पुढं गेल्यावर गॅस एजन्सीचं वेळापत्रक. मग एका दाराला लावलेली लिंबूमिरची. मी पुढं जाऊन ताटकळायचो आणि ओरडायचो, "मास्तर, परीक्षा हाय काय उद्या?" ते हसायचे नाहीत. नुसता तळवा वर करायचे, म्हणजे हसलो असं समजा.

झोपायचे खुर्चीत. खाटेवर मुलगी साड्यांचे गठ्ठे ठेवायची. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "आडवं झालं की मेल्यागत दिसतंय."

माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले ते खालीच थांबले. घर पहिल्या मजल्यावर आहे, खाली टेम्पो आणि पेंड असते. वर पाहुणे, भटजी, जेवणावळ. मास्तर खाली पेंडीच्या पोत्यावर. मी दोनदा निरोप दिला. दुसऱ्यांदा उत्तर आलं, "घर खालनं बी चांगलं दिसतंय." मला अपमान वाटला. मी बायकोला सगळ्यांसमोर म्हटलं की म्हाताऱ्याला माज आलाय, ताट खाली द्या. तिनं दिलं. पेंडीच्या पोत्यावर बसून ते जेवले आणि न भेटता गेले. सतरा पायऱ्या आहेत माझ्या घराला.

बाजारात मात्र आले होते. मुरगूडला निघालो होतो, म्हणाले, मला बसवा, तुमी काम कसं करतासा बगायचंय. टेम्पोतून उतरून पहिल्याच दगडावर बसले ते उठलेच नाहीत. तिथून सगळं बघत राहिले. आमच्यात अजून जुने लोक हातावर टॉवेल टाकून सौदा करतात. टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, आकडा बोटांनी सांगायचा. वर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. यात मला तोड नाही. त्या दिवशी एक पंढरपुरी म्हैस होती, तिसऱ्या वेताची. मालकाचा हात माझ्या हातात आणि मागून मास्तरांचा आवाज आला, "पावणं, दम सोडा."

मी लक्ष दिलं नाही.

"दम धरलाय तुमी. सोडा."

मी सोडला. फुस्स करून सोडला. आणि टॉवेलखाली त्या मालकाचा हात एकदम घट्ट झाला. तो ताडकन म्हणाला, "आता एक बोट खाली येणार न्हाय मी." माझी तयारी झाली हे त्याला माझ्या श्वासावरनं कळलं. म्हैस दुसऱ्यानं नेली.

परतताना मी मास्तरांना टेम्पोत जे बोललो ते लिहिता येणार नाही. ते खिडकीतून बाहेर बघत होते. कागल मागं पडल्यावर म्हणाले, "सौद्याला दम धरतासा. म्हस चढवताना धरतासा. शिव्या देताना बी." थांबले. "आता बी धरलाय."

खरं होतं. पंचवीस वर्षं मी चेहरा गप्प ठेवायला श्वास आवळत होतो आणि त्याच आवळीत वाकत होतो, उचलत होतो. मला कुठल्या डॉक्टरनं हे सांगितलं नाही, कारण कुणी माझ्याबरोबर बाजारात आलं नाही. पुढच्या महिन्यांत मी श्वास चालू ठेवून बोटं दाबायला शिकलो. आधी तीन सौदे हातचे गेले, मग जमलं. माझी नळी पाचव्या खाचेवर गेली. स्पंजावर डोळे मिटून उभा राहू लागलो. कंबर पुन्हा एकदा धरली, पण दोन दिवसांत सुटली, आणि मी पट्टा खुंटीला लावला. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "सातवी ऱ्हायली."

सातवी खाच ओढायची होती. म्हाताऱ्याच्या पुढं जायचं होतं. माझं सगळं लक्ष त्यात होतं.

चौदाव्या महिन्यात एक दिवस माझ्या नळीची चकती वाळून चिरली. नवी मागायला सकाळीच गेलो. मास्तर घरी नव्हते, मुलगी दवाखान्याचा डबा भरत होती. आबांना दोन दिवसांपूर्वी ठेवून घेतलंय म्हणाली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "नेहमीचंच." मला नेहमीचं काय ते माहीत नव्हतं, पण तसं कबूल करायला लाज वाटली. कट्ट्यावर मास्तरांची नळी होती. "तोवर ही घेऊन जा, काका. धुतलीया," ती म्हणाली.

स्क्रू सातव्या खाचेवर होता. मी नाक दाबलं, पाय रोवले, सगळी ताकद लावून ओढलं आणि मागच्या मागं पडता पडता वाचलो. काही अडत नव्हतं. वारा सरळ आत आला. मोडली वाटून मी स्क्रू खोलला. आत कातड्याची चकती तेवढी होती. स्प्रिंग जिथं बसते तिथलं पितळ गुळगुळीत होतं, घासल्याची एक रेघ नव्हती. तिथं स्प्रिंग कधी बसलीच नव्हती.

"ह्यात स्प्रिंग न्हाय," मी म्हटलं.

"आबांच्यात नसतीच की," मुलगी म्हणाली. "त्यांना कुठं ओढवतीया? बाईंनी पहिल्या खाचेवर लावून बघितलीती. चक्कर आलीती त्यांना." मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं डबा खाली ठेवला. "तुमाला ठावं न्हवतं?"

दवाखान्यात मास्तर खाटेवर बसून होते, पुढं उशी, उशीवर कोपर, नाकात नळ्या. मी नळी त्यांच्यापुढं ठेवली.

"मला गंडवलासा."

"व्हय."

"चौदा महिनं."

ते दोन श्वास थांबले. "तुमी कुणाचं ऐकतासा काय? बाईंचं ऐकला न्हाईसा. डाक्टरचं न्हाई." पुन्हा थांबले. "म्हटलं, ईर्षा लावावी."

"आणि तुमचं? मी हुतो न्हवं? पुण्याला न्हेलं असतं, मुंबईला न्हेलं असतं."

"आत वाळू हाय. पुण्याला... निघत न्हाय ती."

"म्हंजे बाईंनी नळी दिली ती तुमच्या छातीसाठी?"

"व्हय. मला न्हाय जमली. शेजारी कंबरंची एक बाई बसायची. तिला सांगत हुत्या." बराच वेळ गेला. "ते ऐकलं. म्हटलं, आपल्याला न्हाय तर कुणाला तर."

मी ओरडायला लागलो. काय बोललो ते नीट आठवत नाही, पण ज्यांच्यासमोर ओरडलो त्या माणसाला उत्तर द्यायलाही दम पुरत नव्हता हे आठवतं. नर्सनं मला बाहेर काढलं. बाहेर व्यायामाच्या बाईंनी मला मास्तरांच्या छातीचा फोटो दाखवला. दोन्ही बाजूंना पीठ सांडल्यासारखे ठिपके. वाळूची बारीक धूळ आत जाऊन बसते, म्हणाल्या, ती वर्षानुवर्षं साठत जाते आणि काम सोडलं तरी थांबत नाही. फलक वाचणं, खुर्चीत झोपणं, तळव्यानं हसणं, माझ्या घराच्या पायऱ्या. मी बाकावर बसलो आणि एकेक आठवत गेलो.

तीन आठवडे मी त्यांच्या घरी गेलो नाही. रागानं गेलो नाही. आता वाटतं, तीन आठवडे कमी नव्हते.

गेलो तेव्हा खुर्चीशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मी काही बोलायच्या आत मास्तर म्हणाले, "तीस." मी नळी काढली आणि ओढायला लागलो. ते तोंडानं मोजत नव्हते, खुर्चीच्या हातावर बोट टेकवत होते. मी एकही चोरला नाही. अठ्ठाविसाव्याला बोट थांबलं, मला वाटलं झोप लागली. त्यांनी डोळे उघडले, खांद्याकडं बोट केलं. तो श्वास मी परत घेतला. मग रोज जात राहिलो. दोन महिन्यांनी एका दुपारी ते खुर्चीतच गेले. मुलगी मागच्या खोलीत साडीला फॉल लावत होती. मशीनच्या आवाजात तिला कळलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मुलीनं एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली. काही अर्ज करता येतो का बघा, इंग्रजी कागद आहेत म्हणाली. फौंड्रीतल्या दरवर्षीच्या तपासणीचे अकरा कागद होते. अकरा वर्षांचे. प्रत्येकावर तेच: छाती स्वच्छ, श्वास चांगला, कामास योग्य. वजन अकरा वर्षं अठ्ठावन्न किलो. नाडी अकरा वर्षं बहात्तर.

मी जन्मभर जनावरांचे दाखले बघतोय. बसल्या बैठकीला लिहिलेला दाखला मला लांबून कळतो. अकरा कागदांची शाई एक, अक्षराचा कल एक, घडी एका जागी. सही म्हणजे गळासारखं एक वळण. शिक्का अर्धा पुसलेला.

"तपासणी कशी व्हायची?" मी विचारलं.

"आबा सांगायचं, अंगणात रांग लावायचे. नाव विचारायचे, काय त्रास हाय काय म्हणायचे. न्हाय म्हणायचं आणि म्होरं जायचं."

"आबा काय म्हणायचे?"

"न्हाय म्हणायचे." ती पदराशी खेळत होती. "एकानं खोकला हाय म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरनं परत लावलं. मी लहान हुतो, काका. शाळेला जात हुतो."

मास्तरांवरचा माझा दुसरा राग तो आहे. माझ्यासमोर तिसाचे एकोणतीस न करणारा माणूस तिथं रांगेत उभा राहून दरवर्षी एका शब्दात सगळं देऊन आला. पण रांगेतल्या माणसाला शब्द तो एकच होता. दुसरा त्याला कुणी ठेवला नव्हता.

मी फौंड्रीत गेलो. गार खोलीत बसवलं, चहा दिला. अधिकारी तरुण होता, नम्र होता. कागद उलटसुलट बघून म्हणाला, "काका, हे आमचे कामगार नव्हते. कंत्राटदाराचे होते."

"तीस वर्षं तुमच्या गेटात जात हुते."

"गेटात जात होते. पण आमच्या रजिस्टरला नव्हते."

कंत्राटदार घरी सापडला. झोपाळ्यावर बसला होता. "मी माणसं पुरवली, पावणं. डाक्टर कंपनीचा."

मी परत फौंड्रीत गेलो. डॉक्टर कोण, म्हणून विचारलं. "जुने होते," तो अधिकारी म्हणाला, "आता येत नाहीत." नाव विचारलं तर म्हणाला, बघून सांगतो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गेटवरच्या माणसानं मला आत सोडलं नाही. तोही टॉवेल बांधून उभा होता, फेटलिंगच्या बाजूनं धूळ येत होती. मी त्याला विचारलं, "तुमची झाली काय तपासणी यंदाची?"

"झाली की," तो म्हणाला. "काय त्रास न्हाय."

मुलगी म्हणते, काका, आता कशाला. तिचं बरोबर असेल. मला मात्र रोज सकाळी तीस आणि संध्याकाळी तीस वेळा ते कागद आठवतात.

डॉक्टर, तुम्ही सही केलीत. तुम्ही या जिल्ह्यातच असणार, दवाखाना चालवत असणार किंवा निवृत्त होऊन फिरायला जात असणार. अकरा कागदांवर छाती स्वच्छ असं लिहिलंत. त्यातल्या एका तरी वर्षी तुम्ही त्या माणसाच्या सदऱ्याचं बटण काढायला लावलं होतं का? लावलं असेल, तर आत जे ऐकू आलं ते का लिहिलं नाहीत? आणि नसेल लावलं, तर न बघता लिहा असं तुम्हाला कुणी सांगितलं? कंपनी म्हणते कंत्राटदार, कंत्राटदार म्हणतो डॉक्टर. तेव्हा आता तुमची पाळी आहे. मी इथं भाव करायला आलेलो नाही. सांगणाऱ्याचं नाव सांगा, नाहीतर स्वतःचं सांगा.